फटफटीची खोळ

काका हेल्मेट घालून खाली गेले आणि तसेच हेल्मेटसकट परत वर आले. दारातच उभे राहिले. आत माई दूध तापत ठेवून त्याच्यावर डोळे लावून बसल्या होत्या, कारण त्या घरात खोळ घालता येत नाही अशी ती एकच वस्तू होती.

"गाडी कुठाय?" काकांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी काय तिची आई आहे?"

"खाली नाहीये."

"मग गेली असेल फिरायला," असं म्हणून माईंनी गॅस बारीक केला.

एरवी काका अशा बोलण्यावर हसून घ्यायचे. जिच्याशी संसार केला तिची जीभ माहीत नसायला ते काही दुधखुळे नव्हते. पण आज ते हसले नाहीत. हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि माईंकडे बघत राहिले. चष्म्याच्या दुकानात एखादा भिंग फोडून "आधीपासूनच फुटलेलं होतं" म्हणतो, त्याच्याकडे बघावं तसे.

आता असं बघण्याला कारण होतं, नाही म्हणायची सोय नाही. आदल्या संध्याकाळी खाली अंगणात उभं राहून, चार बिऱ्हाडं ऐकतील अशा आवाजात माई बोलल्या होत्या, की उद्या सकाळी ही फटफटी इथं दिसली तर मला माई म्हणू नका. आणि आज सकाळी फटफटी दिसत नव्हती.

ही फटफटी काय प्रकरण होतं ते सांगते.

काका चष्म्याच्या दुकानात कामाला. माणूस गुणाचा, पण उंचीनं बेताचा. आयुष्यभर त्यांना मोटारसायकलची हौस, आणि कुठल्याही मोटारसायकलवर बसले की पाय काही जमिनीला पुरायचे नाहीत. सिग्नलला थांबले की एका अंगावर कलून, खांबाला टेकवलेल्या शिडीसारखे उभे. मग हौस गिळून बसनं जायचे. अशात एका शोरूमच्या काचेतून त्यांना ही दिसली. जुन्या धाटणीची, बुटकी आणि लांबलचक. पुढे वाटोळा दिवा, चाकांना तारा, सगळीकडे चकाकी, दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या. टाकी म्हणे थेंबासारखी. माईंच्या मते ती वांग्यासारखी होती. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं ऐसपैस. काका आत गेले, बसून बघितलं, आणि दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला टेकले. त्या दिवशी तिथल्या विक्रेत्याला म्हणे त्यांनी रुमाल मागितला डोळे पुसायला.

गाडी घरी आली तेव्हा माईंनी विचारलं, एवढं धूड आहे तर इंजिन केवढं असेल. काका आवाज खाली आणून म्हणाले, तसं लहानच आहे, समोरच्या कॉलेजच्या मुलाच्या गाडीला आहे तेवढंच. माई म्हणाल्या, म्हणजे बडा घर पोकळ वासा. काकांनी ते मनावर घेतलं नाही. ते तिचे गुण सांगत सुटले. पाय पुढे लांबवून बसायची सोय आहे. पेट्रोल जपून पिते. बाजूचा स्टँड खाली राहिला आणि गिअर टाकला तर आपोआप बंद पडते, म्हणजे माणूस विसरला तरी गाडी विसरत नाही. माई म्हणाल्या, बरं झालं, घरात तुमच्यापेक्षा शहाण्या दोघी होत्या, आता तिघी झाल्या. दुसरी म्हणजे त्यांची सून.

शेवटी काकांनी ठेवणीतला गुण काढला. मागच्या सीटला पाठ टेकायला मऊ टेकू होता. "खास तुझ्यासाठी बघून घेतली," ते म्हणाले. "सीटही खाली आहे, तुझ्या गुडघ्यांना चढावं लागणार नाही."

"त्या आरामखुर्चीत बसून मी गावभर मिरवू? लोक म्हणतील हिला दवाखान्यात नेताहेत."

माई बसल्या नाहीत त्या नाहीतच. पण वस्तू घरात आली आणि तिला खोळ नाही, हे त्यांच्यानं बघवणारही नव्हतं. त्या घरात टीव्हीला खोळ होती, फ्रिजला होती, मिक्सरला होती, गॅसच्या सिलिंडरला तर झालर लावलेला झगा होता. शेजारी म्हणायचे, काका फार वेळ एका जागी उभे राहू नका, माप घेतील. चष्मेवाल्याची बायको, म्हणून माईंनाही उत्तम चष्मा होता, तोही खोळीत. खोळीतून तो सहसा निघत नसे, कारण चष्मा लावला की माणूस म्हातारं दिसतं असं माईंचं ठाम मत.

माईंकडे एक आख्खा तागा पडून होता. गिरणीत छपाई चुकली म्हणून मिळालेला. हिरव्या पोपटांचा, पण पोपटांना चोचीच छापल्या नव्हत्या. कापड मात्र असं दणकट की ताडपत्री बरी. त्याच कापडाच्या खोळी माईंनी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना शिवून दिल्या होत्या, सोफ्याला, कपाटाला, टेबलाला, मागितल्या नसताना. उरलेल्या कापडात फटफटी बसवली. हँडलला दोन बाह्या, टेकूला टोपी, खाली पार जमिनीपर्यंत झालर. फक्त एक अडचण होती. काका रात्री हँडल वळवून कुलूप घालायचे, त्यानं खोळ वाकडी बसायची आणि पोपट तिरपे व्हायचे. माईंना वाकडी शिवण आणि वाकडी खोळ दोन्ही चालत नाही. त्यांनी सांगून टाकलं, हँडल सरळ ठेवायचं, कुलूप घालायचं नाही, आपल्या अंगणातून कोण नेतंय. काकांनी ऐकलं. त्यांना सवय होती.

तर सुट्टीच्या दिवशी काका गाडी घासूनपुसून चकचकीत करत बसले आणि फडकं म्हणून हाताला लागली ती टीव्हीची खोळ. सायलेन्सरचं काळं तिच्यावर. संध्याकाळी माईंनी ते बघितलं आणि मग ते वाक्य झालं, चार बिऱ्हाडं ऐकतील असं.

आणि सकाळी फटफटी नाही.

सून कपड्यांच्या घड्या घालता घालता बाहेर आली. बिचारी मवाळ होती, तिनं मवाळपणेच काडी टाकली.

"आई, काल दिवेलागणीला तुम्ही गाडीपाशी वाकलेल्या दिसलात."

"खोळ घालत होते. राग आला म्हणून काय तिला उघडी ठेवू?"

"नाही, मी काही म्हणत नाही."

"तू नाही म्हणत, तुझा चेहरा म्हणतोय."

मग काका बोलले. हळूच बोलले, तेच वाईट झालं.

"कुणाला दिली असशील तर सांग. मी रागावणार नाही."

माईंच्या हातातली सांडशी तशीच राहिली. जीभ कात्रीसारखी आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, त्यांना त्याचा अभिमानच होता. पण त्या कात्रीनं त्यांनी खोटं असं कधी कापलं नव्हतं. जे करायचं ते तोंडावर आणि जे केलं ते कबूल. आणि ज्या माणसानं त्यांचा शब्द कधी उलटून विचारला नाही, तो आज म्हणतोय रागावणार नाही. रागावले असते तर परवडलं असतं.

"मी दिली नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले. आणि समोरचा चहा त्यांनी घेतला नाही. कपावर साय धरली.

पोलिसात जाऊ, असं सून म्हणाली. काकांनी मान हलवली. आपल्याच घरातून गेलेली वस्तू पोलिसात काय सांगायची, म्हणाले. त्याचा अर्थ माईंना बरोबर लागला. गुडघे धरत, कठडा धरत त्या स्वतः खाली उतरल्या. आपलं नाव आपणच धुवायचं, दुसरं कोण धुणार.

अंगणात गाडीच्या जागी लांबट स्वच्छ जागा होती आणि भोवती धूळ. माईंनी ती जागा दोन्ही अंगांनी निरखली. मागोमाग काका आणि सून उतरले.

"हँडलला कुलूप असतं तर—" काका म्हणाले आणि थांबले.

"बोला, पुरं बोला. माझ्यामुळं नव्हतं, हेच ना? खोळ कुठाय?"

"खोळ?"

"गाडी चोरणारा खोळ नेतो का? तो खोळ फेकणार आणि गाडी पळवणार. चोचीशिवायचे पोपट घेऊन चोर काय करेल? खोळ इथं पडायला हवी होती." माईंनी कमरेवर हात ठेवले. "नेणाऱ्याला खोळीसकट हवी होती. किंवा खोळ बघूनच नेली."

असं म्हणताना त्यांची नजर वर गेली. नर्सबाईंच्या खिडक्या उघड्या, आत भिंती मोकळ्या. नर्सबाईंनी आजच घर बदललं होतं. पहाटेच सासूला घेऊन पुढे गेल्या, आणि सामान न्यायला ट्रक आला होता. काका तेव्हा न्हाणीघरात रेडिओ लावून बसलेले आणि सून मागच्या बाजूला दोरीवरचे कपडे काढत होती. माई मात्र वर आपल्या खिडकीत उभ्या राहून आपल्या खोळी एकामागून एक ट्रकमध्ये चढताना कौतुकानं बघत होत्या. हमालांच्या मुकादमाला वरूनच दोन सूचनाही दिल्या होत्या, डाग पाडू नका, ओढू नका.

सुनेनं नर्सबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कुठल्या तरी पोपटाखाली दबलेला असणार.

"रिक्षा बोलवा," माई म्हणाल्या. "नव्या घराचा पत्ता त्या देऊन गेल्यात."

रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसले. काका कडेला, तोंड बाहेर. शेजारून एक बुटकी, चकचकीत गाडी गेली तसे ते एकदम पुढे सरकले.

"आपली नाही," माई म्हणाल्या. "हिचं हँडल आखूड आहे. आणि टेकूही नाही."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा बाहेर.

नर्सबाईंचं नवं घर तळमजल्यावर होतं. दारात रिकामा ट्रक, पायरीवर मुकादम आणि त्याची माणसं चहा पीत बसलेली. माई त्यांना ओलांडून थेट आत गेल्या. बाहेरची खोली म्हणजे पोपटांचं रान झालं होतं. सोफा पोपटी, कपाट पोपटी, टेबल पोपटी. आणि खिडकीखाली, भिंतीला लावून, एक लांबट पोपटी आसन जरा एका बाजूला कललेलं. त्याच्यावर नर्सबाईंची सासू टेकूवर कोपर ठेवून, लोडाला रेलावं तशी रेललेली, डोळे मिटून.

"कोण आहे?" तिनं डोळे न उघडता विचारलं. उघडून तरी तिला फारसं दिसत नव्हतंच.

माईंनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हातारीला जरा उठायची विनंती केली.

"उठणार नाही," म्हातारी म्हणाली. "सुनेनं माझ्यासाठी दिवाण घेतलाय. बोलली नाही मला, पण मनानं चांगली आहे हो. जरा कडक आहे आणि एका बाजूला कलतो, पण पाठीला असा आधार मला उभ्या जन्मात कुणी दिला नाही. टॉवेल टाकायलाही सोय आहे, बघा ना."

डाव्या हँडलवर खरंच ओला टॉवेल वाळत घातला होता.

माई खाली वाकल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली तरी वाकल्या, आणि झालर वर उचलली. आत चकचकीत तारांचं चाक. काका मागून डोकावले आणि त्यांच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली, कुकरची शिटी काढून घेतल्यावर पडते तशी. ते तिथेच सोफ्यावरच्या पोपटांवर बसले. नर्सबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, त्यांना काही कळेना. कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, मी तर एवढंच सांगितलं होतं मुकादमांना, की पोपट असतील ते सगळं माझं, पोपट नसेल त्याला हात लावायचा नाही, आणि तिकडे गेल्यावर पोपट सगळे आत.

माई सावकाश उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. मान ताठ झाली. सकाळपासून आत कोंडलेलं होतं ते आता बाहेर यायला मोकळं झालं.

"बघितलंत?" त्या काकांना म्हणाल्या. "मी दिली होती का?"

काका तोंड उघडणार तोच दारातून मुकादम म्हणाला, "माई, तुम्हीच तर दिलीत."



मुकादम भला माणूस होता, त्याला वाटलं आपल्यावर आळ येतोय, म्हणून त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. त्याची नडगी गाडीच्या पायटेकूवर आपटली होती, खाली चाकं होती, त्याला शंका आलीच होती की ही फटफटी बाईंची कशी. म्हणून त्यानं वर बघून माईंना विचारलं, की हेही न्यायचं का. माईंनी खिडकीतून खाली बघितलं, आणि म्हणाल्या, "पोपट आहेत ना? मग काय विचारता, चढवा." शिवाय फळीवरून ढकलताना झालर अडकत होती, तेव्हा झालर वर धरा असंही त्याच म्हणाल्या.

सगळ्यांनी माईंकडे बघितलं. माईंनी तोंड उघडलं. आणि सुनेनं लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा असं बघितलं, की तोंड उघडलंय आणि आतून काही येत नाहीये. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी, खाली हिरवं हिरवं काहीतरी, आणि चष्मा खोळीत. माईंना ते सगळं आता लख्ख दिसत होतं.

काका उठले. स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. दुकानात पुसतात तसे, उजेडात धरून, फुंकर मारून. मग सावकाश म्हणाले, "चूक माझी आहे. हिच्या चष्म्याचा नंबर तपासायचा कधीपासून राहूनच गेलाय. चष्मेवाल्याच्या घरात असंच असतं, दिव्याखाली अंधार."

मुकादमानं मान डोलावली. नर्सबाई म्हणाल्या, हो ना, वयानुसार नंबर बदलतो. सुनेनं वर पंख्याकडे बघितलं. माईंचा चष्मा घरी कुठल्या खणात, कुठल्या खोळीत असतो, ते तिला चांगलं माहीत होतं आणि काकांना तिच्याहून चांगलं.

माईंनी हँडलवरचा ओला टॉवेल काढला, घडी घातली आणि म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारीला उठवायला मात्र बराच वेळ लागला. असाच टेकू मी तुम्हाला शिवून आणते, सोफ्याला बांधता येईल असा, आत कापूस दाबून भरून, असा शब्द माईंनी दिला तेव्हा ती उठली. मग फटफटी दारातून बाहेर निघाली आणि उन्हात चमकली. काकांनी हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं. धडधड सुरू झाली. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. मुकादम म्हणाला ट्रकमध्ये हलून वायर सुटली असेल. त्याचा एक माणूस म्हणाला पेट्रोल बघा. दुसरा म्हणाला ढकलू या. काकांच्या हेल्मेटच्या आतून घाम ओघळायला लागला. आत्ता मिळाली आणि आत्ता मोडली की काय, असा चेहरा झाला.

"आधी तिचा स्टँड उचला," पायरीवरून माई म्हणाल्या. "खाली असला की बंद पडते. माणूस विसरला तरी ती विसरत नाही."

काकांनी खाली बघितलं. स्टँड खाली होता. त्यांनी तो टाचेनं वर केला, आणि मग हेल्मेटच्या आत हसायला लागले. हेल्मेटमध्ये माणूस हसला की नुसते खांदे हलतात, तसे बराच वेळ हलत राहिले.

सुनेनं रिक्षा थांबवून ठेवली होती. ती म्हणाली, "चला आई."

"तू हो पुढे," माई म्हणाल्या. "दूध ओट्यावर तसंच आहे, मांजर तोंड घालेल."

त्या गाडीपाशी गेल्या. सीट खरंच खाली होती. पाय उचलून पलीकडे टाकावा लागला नाही, नुसतं टेकायचं आणि आडवं बसून वळायचं. गुडघा एकदा कळवळला आणि गप्प झाला. मागे टेकू होता. त्यांनी पाठ लावून बघितली, आधी जराशी, मग पुरती.

"टेकलीस?" काकांनी विचारलं.

"टेकले. आता हळू न्या. आणि मान वळवून बोलू नका, पुढे बघा."

हळू न्यायला सांगायची गरज नव्हती. इंजिन लहानच होतं. समोरच्या कॉलेजच्या मुलासारख्या दोघातिघांनी त्यांना मागे टाकलं, एका सायकलवाल्यानंही चढावर बराच वेळ बरोबरी केली. सिग्नलला थांबले तेव्हा काकांचे दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर होते. बसच्या खिडकीतून एक बाई टक लावून बघत होती. माईंनीही तिच्याकडे बघितलं, आणि पाठ आणखी मागे टेकवली.

त्या संध्याकाळी काकांनी भीत भीत हँडल वळवलं आणि कुलूप घातलं. खोळ तशीच वर टाकून ठेवली, अंधारात कुणी बघणार नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी शिलाई यंत्राचा आवाज दुपारभर चालू होता. काका दुकानातून परत आले, गाडी लावली, हँडल वळवलं आणि खोळ घ्यायला वर आले तर पोपट नव्हतेच. जाड तपकिरी कापडाची नवी खोळ होती. त्यांनी ती खाली नेऊन घातली आणि बघत राहिले. एक बाही लांब, एक आखूड. मधली शिवण सरळ खाली येता येता डावीकडे वळलेली, जिथं कुलूप घातलेलं हँडल वळतं बरोबर तिथं. ज्या बाईनं जन्मात एक टाका तिरपा घातला नव्हता, तिनं अख्खी खोळ वाकडी शिवली होती, आणि कुठे सुरकुती नव्हती.

ते वर आले. माई यंत्रापाशीच बसल्या होत्या, म्हातारीच्या टेकूला दोरे घालत. नाकावर चष्मा होता. त्याची खोळ बाजूला रिकामी पडली होती.

काका काही विचारणार, त्याआधीच त्या सुईवरची नजर न हलवता म्हणाल्या, "नंबर बरोबर आहे. तपासायची काही गरज नाही."